रबराच्या छतावरचं तिसरं ठिगळ

पहिला थेंब त्यांच्या उजव्या खांद्यावर पडला. मी खालच्या नळावरून पिण्याच्या पाण्याची कळशी भरून जिना चढून आले होते आणि दम लागल्यामुळे दारातच टेकले होते. आतून ते म्हणाले, छत गळतंय. मला वाटलं, पाल मुतली असेल. तसं म्हणालेही.

"पाल एवढी मोजून मुतत नाही," ते म्हणाले. "मी शंभर आकडे म्हटले की एक पडतो."

मी आत जाऊन वर बघितलं. पंख्याच्या हुकाजवळ रुपयाएवढा ओला डाग होता आणि त्याच्या मधोमध एक थेंब जमत होता. तो पडेपर्यंत मी मान वर करून बघत राहिले.

आमची खोली म्हणजे घरमालकिणीच्या घराच्या गच्चीवर बांधलेली एक खोली. मालकीण खाली राहते, तिला मी अक्का म्हणते. खोलीच्या छताला बारीक तडे गेले तेव्हा अक्कानं माणसं बोलावून त्यावर काळं रबर चिकटवून घेतलं, जाड, अख्ख्या छतावर एकसंध. त्यानंतर दोन पावसाळे खोली कोरडी होती. त्या छतावर पाण्याची टाकी आहे आणि गच्चीवरून तिथं चढायला भिंतीला लोखंडी शिडी लावलेली आहे.

यांचं पंक्चरचं दुकान होतं, इथल्या बनशंकरी भागाच्या पुढं, रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली. एकदा लॉरीच्या खाली असताना जॅक सरकला. तेव्हापासून कमरेखाली काही नाही. दीड वर्ष झालं. पाठीच्या खाली, माकडहाडाजवळ, त्यांना जखम झाली होती. झोपून झोपून होते ती. दवाखान्यातली सिस्टर आठवड्यातून एकदा येऊन ती धुऊन बांधून जायची आणि दर वेळी एकच सांगायची, कोरडं ठेवा, कूस बदलत राहा. ओल लागून जखम हाडापर्यंत गेली तर मोठ्या दवाखान्यात टाकावं लागेल. मोठ्या दवाखान्यात आम्ही आधी दोन महिने काढले होते. तिथं मला रात्री वऱ्हांड्यात झोपावं लागे आणि आत त्यांना कुणी वळवत नसे. जखम तिथंच झाली होती. परत तिथं जायचं नाही, एवढंच आम्हा दोघांचं ठरलेलं होतं.

कुणी म्हणेल, खाट सरकवा. पण खाटेच्या कडेच्या भिंतीत एक लोखंडी पाइप बसवून घेतला आहे. तो दोन्ही हातांनी धरून ते स्वतःला कुशीवर ओढतात. सकाळी मी दोन घरी भांडी घासायला जाते, तेव्हा चार तास त्यांच्याजवळ त्या पाइपाशिवाय कुणी नसतं. खाट दोन हात सरकवली की पाइप हाताला लागत नाही. बाकीच्या भिंती पोकळ विटांच्या आहेत, त्यात पाइप तग धरणार नाही असं मिस्त्री म्हणाला होता. म्हणून खाट तिथंच आणि थेंबही तिथंच. मी त्यांच्या अंगावर प्लॅस्टिक घातलं तर खाली घाम साचला. खांद्याशी पातेलं ठेवलं तर त्यांना वळता येईना. गणपती होऊन गेले होते आणि रोज चार-साडेचारला आभाळ भरून यायचं.

मी अक्काला सांगायला गेले. मला कुणाला काही सांगायला जायचं म्हणजे आधी जिन्यात दोनदा उभं राहावं लागतं. अक्का वाईट नाही. तिनं रबरवाल्याला माझ्यासमोर फोन केला. तो म्हणाला, नाळे, म्हणजे कन्नडमध्ये उद्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाला, नाळे. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन उचलला नाही. अक्का म्हणाली, स्वल्प दिवस काढा, दसरा झाला की मीच दुसरा माणूस बघते. मी सरी, म्हणजे बरं, म्हणाले आणि वर आले. दसऱ्याला अजून तीन आठवडे होते.

त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रबरच आहे ना ते? मग त्या माणसाची वाट कशाला बघायची? मी आयुष्यभर काय केलं?"

"तुम्ही वर कसे जाणार?"

"मी कुठं जातोय. तू जाणार."

मी जाते असं म्हणाले नाही आणि नाही असंही म्हणाले नाही. मला त्या छताची भीती वेगळ्या कारणानं वाटत होती.

ते कारण इथं लिहिते. त्यांची बहीण एकदा भेटायला आली होती. ती म्हणाली, भावाला शनी लागलाय, शनिवारी एळ्ळु बत्ती लाव. काळ्या फडक्यात मूठभर तीळ बांधून ती पुरचुंडी तिळाच्या तेलात भिजवायची आणि पणतीत ठेवून पेटवायची, तिला इथं एळ्ळु बत्ती म्हणतात. शनीच्या देवळात शनिवारी अशा शेकडो पेटलेल्या असतात. ते खाटेवरून ऐकत होते. ते म्हणाले, माझ्या नावानं तेल जाळायला मी अजून मेलो नाही, आणि शनीला दुसरी कामं आहेत. बहीण रागावून गेली. मी काही बोलले नाही, पण मनात एकवीस शनिवारांचा नवस बोलून बसले.

देवळातल्या गर्दीत पुरुषांच्या रांगेतून पुढं जायचं माझ्यानं होत नाही, आणि त्यांना दोन तास टाकून जाणार तरी कशी. गच्चीवर खालची माणसं कपडे वाळत घालायला येतात, त्यांनी विचारलं असतं. आमच्या छतावर मात्र कुणीच चढत नाही. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी कपडे काढायला जाते असं सांगून मी शिडीनं वर जायची. टाकीच्या आडोशाला वारा लागत नाही. तिथं फरशीचा एक तुकडा ठेवून त्यावर पणती लावायची आणि ती विझेपर्यंत बसायची. अर्धा तास. चौदा शनिवार झाले होते.

तर मी वर गेले. टाकीच्या आडोशाला, फरशीच्या तुकड्याच्या कडेला, रबराला सूज आली होती. गळवासारखी, तळहाताएवढी. बोट लावलं तर मऊ लागलं. पणतीतलं तेल दर वेळी थोडं उतू जायचं ते फरशीवरून तिथं उतरलं होतं. फुगलेल्या जागी नखाएवढी चीर होती. मला बघताक्षणी कळलं. मी फरशी आणि पणती पदरात घेतली, तेलाचा डाग पदरानंच पुसला आणि खाली येऊन दोन्ही वस्तू मोरीच्या मागं ठेवल्या.

त्यांना सांगितलं, टाकीजवळ चीर सापडली.

"कशानं पडली?"

"काय माहीत. कावळ्यानं टोचलं असेल."

"इथले कावळे पान्हा घेऊन फिरतात वाटतं," ते म्हणाले आणि खूश झाले. खरंच खूश झाले. दीड वर्षात त्यांना कुणी कामाचं असं काही विचारलं नव्हतं. त्यांनी मला खाटेखालची पेटी ओढायला लावली. तीत कानस होती, पॉलिश पेपर होता, लाकडी दांड्याचा छोटा रूळ होता. ठिगळ चिकटवायच्या सोल्युशनची डबी मात्र वाळून दगड झाली होती. रबर बसवलं तेव्हा उरलेला एक पट्टा अक्काच्या जिन्याखाली पडून होता, तो तिनं लगेच दिला. सोल्युशन आणायला मला सायकलच्या दुकानात जावं लागलं. तिथं चार माणसं उभी होती. मी बाजूला थांबून राहिले आणि ती गेल्यावर यांनी सांगितलेलं नाव दुकानदाराला एका दमात सांगितलं. त्यानं विचारलं, कुठल्या टायरला? मी म्हणाले, घराला. तो हसला, मग मलाही हसू आलं.

त्यांनी मला आधी जमिनीवर शिकवलं. जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घेऊन. रबराची चमक जाईपर्यंत घासायचं. भुकटी कोरड्या फडक्यानं झटकायची, फुंकर मारायची नाही, फुंकरीत वाफ असते. ठिगळ कापताना कोपरे गोल करायचे, टोकदार कोपरा आधी उचलतो. सोल्युशन दोन्हीकडं पातळ लावायचं आणि थांबायचं. बोट टेकवलं तर चिकट लागलं पाहिजे, पण बोटाबरोबर वर आलं नाही पाहिजे. मग मधून कडेकडं दाबत जायचं.

"घाई झाली की पंक्चर पुन्हा आलंच," ते म्हणाले. "गिऱ्हाईक डोक्यावर बसलं तरी मी थांबायचो."

मला दोनदा करायला लावलं, उचलून बघितलं, आणि चांगलं झालं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आटोपून आले, जेवणं झाली, आणि मी वर जाऊन पहिलं ठिगळ लावलं. उन्हानं रबर तापलेलं होतं, गुडघे भाजत होते. मी सगळं त्यांनी सांगितलं तसं केलं. संध्याकाळी पाऊस आला. आम्ही वर बघत बसलो. तासभर काही नाही. मग डाग पुन्हा भरला आणि थेंब पडला.

 मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. घासलं होतं का नीट? हो. खाली ओल होती का? नाही. धूळ? नाही. तेलकट काही? त्या टाकीच्या नळाला कुणी ग्रीस वगैरे लावलं होतं का?

मी नाही म्हणाले.

"मग सुटणार कसं? माझं ठिगळ सुटत नाही."

दोन दिवसांनी मी दुसरं लावलं, पहिलं काढून टाकून. पहिलं काढताना ते बोटाच्या एका ओढीनं निघून आलं होतं, खाली सोल्युशन ओलसर लोण्यासारखं राहिलेलं. तेव्हा मी पदराला हात पुसला आणि तिळाच्या तेलाचा वास आला. तरी मी पुन्हा तिथंच लावलं. मला वाटलं, या वेळी जास्त जोरात दाबलं की बसेल. खरं तर मला असं काही वाटलं नव्हतं. मी थकले होते आणि मला खाली जाऊन सांगायचं नव्हतं.

ते दुसरं ठिगळ एक रात्र टिकलं. सकाळी मी कामावर असताना पाऊस आला आणि परत आले तेव्हा गादी खांद्यापासून मधल्या भागापर्यंत ओली होती. त्यांनी पाइप धरून स्वतःला जमेल तितकं कडेला ओढून धरलं होतं. किती वेळ ते त्यांनी सांगितलं नाही.  त्या दिवशी सिस्टर यायची होती. तिनं पट्टी सोडली, बराच वेळ बघितलं आणि मला दारात बोलावून हळू म्हणाली की जखमेच्या कडा पुन्हा पांढऱ्या पडल्यात. पुढच्या आठवड्यात अशीच दिसली तर तिला चिठ्ठी लिहावी लागणार होती. कसली चिठ्ठी ते विचारायची गरज नव्हती.

ती गेल्यावर मी गादी बाहेर उन्हात टाकली, खाटेवर दोन गोधड्या घातल्या आणि त्यांना वळवलं. ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "माझंच विसरलंय काहीतरी."

मी भाजी घेऊन बसले.

"पाय गेले ते गेले. पण रबराचं तरी डोक्यात राहील असं वाटलं होतं. तुला चुकीचं शिकवलं मी. कसलं सोल्युशन, कसलं थांबणं. सगळं उलटंसुलटं झालंय डोक्यात."

ते रडत नव्हते. ते नेहमीच्या आवाजात बोलत होते, जसं कुणी दुकान बंद केल्याचं सांगतं. मी भाजी निवडत होते. घेवड्याच्या शेंगा होत्या. मी त्या तशाच खाली ठेवल्या.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "तिथं तेल आहे."

त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन भिंत आणि खाट यांच्यामधल्या फटीत उभी राहिले, म्हणजे त्यांना मी दिसावी.

"कसलं तेल?"

"तिळाचं."

"छतावर तिळाचं तेल?"

मी सांगितलं. बहीण, शनिवार, पणती, फरशी. सगळं एकामागून एक सांगितलं, त्यांच्याकडं न बघता, पाइपाकडं बघत. कावळ्याचं खोटं होतं तेही सांगितलं.  मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"चौदा. परवाचा धरून पंधरा झाले असते."

"आणि दर शनिवारी तू अर्धा तास वर बसायचीस."

"पणती विझेपर्यंत."

"मला वर पावलं ऐकू यायची," ते म्हणाले. "टाकीपर्यंत जायची आणि थांबायची. मला वाटायचं, माझ्यापासून लांब बसायला जातेस. म्हटलं, जाऊ दे, अर्धा तास तरी तिला सुटका. तेवढ्यात तहान लागली तरी मी हाक मारायचो नाही."

 मी म्हणाले, हाक मारायची होती. ते म्हणाले, तूही सांगायचं होतंस. खालून अक्काच्या कुकरच्या शिट्या ऐकू आल्या.

शेवटी तेच म्हणाले, "शनीला तेल पाजलंस आणि पाणी माझ्या अंगावर. बरा देव गाठलास." पण म्हणताना त्यांचा हात खाटेवरून माझ्या मनगटापर्यंत आला होता. मग त्यांचा आवाज एकदम बदलला, दुकानातला झाला. सूज किती मोठी आहे? बोटानं दाबली तर खड्डा राहतो का? कडेचं रबर टणक कुठून लागतं? मी हातानं माप दाखवलं.

"तेल प्यालेलं रबर परत पहिल्यासारखं होत नाही," ते म्हणाले. "त्यावर जन्मभर ठिगळं लावलीस तरी सुटतील. ते कापून काढायचं. सगळं. टणक लागेपर्यंत कापत जायचं, हात राखायचा नाही."

"भोक मोठं होईल."

"होऊ दे. मोठं पण चांगल्या रबरातलं भोक बुजतं. ठिगळ त्याच्या चारी बाजूंनी चार बोटं पुढं गेलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही घरी येणार नाही म्हणून कळवलं. असं मी कधी करत नाही. सकाळपासून ऊन होतं. दाढीच्या पात्यानं मी ते सुजलेलं रबर कापलं. ते ओल्या भाकरीसारखं तुटत होतं. कडेला आल्यावर पातं अडखळायला लागलं, तेव्हा टणक आलं हे कळलं. तरी आणखी दोन बोटं कापलं. खालचा सिमेंटचा भाग तेलानं काळा झाला होता, तो साबणाच्या पाण्यानं तीनदा घासला आणि दुपारपर्यंत उन्हात वाळू दिला. चांगल्या रबराच्या कडा त्यांनी सांगितल्याप्रमाणं पेट्रोलच्या फडक्यानं एकेकदा पुसल्या, वास उडेपर्यंत थांबले, मग घासल्या. या वेळी मी दर टप्प्याला शिडीवरून खाली उतरून त्यांना सांगत होते आणि ते पुढचं सांगत होते. शिडी किती वेळा चढले-उतरले त्याचा हिशेब नाही. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. ठिगळ ताटाएवढं झालं. गोल कापलं, कोपराच ठेवला नाही.

सोल्युशन लावल्यावर मी बोट टेकवून बघितलं, ते वर आलं. थांबले. पुन्हा बघितलं. पुन्हा थांबले. छतावर सावली नव्हती, टाकीची होती ती माझ्या पाठीमागं गेली होती. तिसऱ्यांदा बोट चिकटलं पण काही वर आलं नाही. मग मी ठिगळ बसवलं आणि रूळ मधून कडेकडं फिरवत राहिले, हात भरून येईपर्यंत.

त्या संध्याकाळी पाऊस आला नाही. गेले पंधरा दिवस रोज येणारा पाऊस नेमका आला नाही. ते म्हणाले, पावसाच्या भरवशावर कुणी पंक्चर तपासत नाही, आपण पाण्यात बुडवून बघतो. उद्या पाणी ओत.

सकाळी लवकर, कामावर जायच्या आधी, मी टाकीच्या नळाला बादली लावून ठिगळावर आणि आजूबाजूला पाणी ओतलं. उताराच्या तोंडाशी फडकी बोळा करून कोंबली, म्हणजे पाणी साचून राहावं. दहा बादल्या झाल्या तेव्हा पायाची बोटं बुडतील एवढं पाणी साचलं. ते खाली डागाकडं बघत होते.

"आलं का?" मी शिडीच्या तोंडाशी वाकून विचारलं.

"नाही. आणखी ओत."

मी आणखी पाच ओतल्या. खाली एक बाई गच्चीवर कपडे झटकत होती. तिनं वर बघून विचारलं की एवढं पाणी कशाला. मी बादली खाली ठेवली. मग मी म्हणाले, छत तपासतेय, मी दुरुस्त केलंय. ती बरं म्हणून पुन्हा कपड्यांकडं वळली.

तासभर मी त्या पाण्यात उभी राहिले. मग फडकी काढली, पाणी वाहून जाऊ दिलं आणि खाली आले. ते छताकडं बघून बघून थकले होते, डोळे लाल झाले होते. डाग होता तसाच होता, कडेनं पिवळा, मधे कोरडा.

उरलेल्या सात शनिवारांचं मी अजून काही ठरवलेलं नाही. त्यांनीही विचारलेलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी मी कपडे काढायला गेले आणि लगेच खाली आले.

पाणी ओतलं त्या सकाळी मात्र मी ओल्या साडीनंच खाटेच्या कडेला टेकले. मी विचारलं, चहा करू का?

"आधी मला कुशीवर कर," ते म्हणाले. "तू वर होतीस तेवढा वेळ मी हललोच नाही. म्हटलं, नजर हटली आणि थेंब पडला तर."

मी त्यांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले आणि त्यांना वळवलं. खालच्या गोधडीवरून तळहात फिरवून बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोरडी होती. फक्त माझ्या साडीचं पाणी लागलं होतं तेवढी कड ओली झाली होती, ती मी खाली दुमडून घेतली.